लग्नाची आणि पाटाची

म्हाताऱ्या साहेबानं भाकरीचा तुकडा मोडला, वाटीभर ताक घेतलं आणि ताट सारलं. पार्बताबाईला ते फार लागलं. मिरची हात राखून घातलेलं वांग्याचं भरीत, ज्वारीची पातळ भाकर, वर लोण्याचा गोळा. आजकाल अमरावतीत असं जेवण माळ्याच्या घरीच मिळायचं. बाकीच्यांनी वांगी-मिरच्या उपटून जिथंतिथं कापूस पेरला होता. अमेरिकेत गोरे आपसात लढत होते, तिकडचा कापूस बंद पडला होता आणि त्यापायी इथं मेथीची जुडी सोन्याची झाली होती. कुठलं काय अन् कुठलं काय.

"तिखट लागलं असन त्याले," नत्थुजी म्हणाला.

"तिखट नाई लागलं. ज्या घरचं लेकरू न्याले आला, त्या घरचा घास त्याच्या नरड्याखाली कसा उतरन?"

नत्थुजीनं बायकोकडं पाहिलं नाही. चार दिवस झाले, तो कुणाकडंच धड पाहत नव्हता.

चार दिवसांपूर्वी अकोल्याहून बैलांची दमणी आली होती. तिच्यातून आधी शेषराव मुनशी उतरला. अकोल्याच्या कापसाच्या वखारीत तो इयनसाहेबाचा उजवा हात होता, आणि श्रावणात इयनसाहेब तापानं गेला तेव्हा त्याच्या उशाशीही तोच होता. शेषरावाच्या मागून हा म्हातारा उतरला: उंच, वाकलेला, भुवयासुद्धा पांढऱ्या. डंकनसाहेब, इयनचा सख्खा मामा. समुद्र ओलांडून, जिथवर रूळ आले होते तिथवर आगगाडीनं आणि पुढं बैलांनी, असा तो नत्थुजी माळ्याच्या मळ्यात येऊन उभा राहिला होता, आणि मागत होता काय, तर नत्थुजीची दहा वर्षांची भाची. बहीण मनकर्णेची आणि इयनची पोर. तिला माय जमुना म्हणायची आणि बाप जीन म्हणायचा.

शेषरावानं ओट्यावर बसून सगळ्यांना समजावलं होतं. तिकडं स्कॉटलंड नावाच्या डोंगरी मुलखात आर्डवेनचं सरदार घराणं आहे. इयनचा थोरला भाऊ त्या गादीवर होता, तो निपुत्रिक मेला. इयनही गेला. आता त्या रक्ताची ही एकच पोर उरली, आणि त्या घराण्यात मुलगा नसला तर मुलीला गादी मिळते.

"पोट्टीले गादी?" पार्बताबाईनं विचारलं होतं. "दत्तक नाई घेत का ते?"

"नाही घेत. पण दोन गोष्टी सिद्ध व्हायला पाहिजेत. इयनसाहेब आणि मनकर्णाबाईंनी साक्षीदारांसमोर एकमेकांना नवराबायको म्हणून पत्करलं होतं का. त्यांच्या मुलखात तेवढ्यानं लग्न होतं, पाद्रीही लागत नाही. आणि दुसरं, तेव्हा दोघांपैकी कुणाचा दुसरा जोडीदार हयात नव्हता ना. एवढं ठरलं की पोर औरस. मग ती बापाच्या घरची. आणि नाही ठरलं, तर साहेब आले तसे परत जातील."

लेकरू बापाच्या घरचं, हे सांगायला साहेब कशाला पाहिजे होता. माळ्यांच्या जातीतही तोच कायदा. विधवेनं पाट लावून दुसरा नवरा केला की पहिल्या नवऱ्याची पोरं त्याच्या भावाकडं जातात, आईनं कितीही ऊर बडवला तरी. आईजवळ राहतं ते फक्त ठेवलेल्या बाईचं लेकरू. त्याला कुणी मागायलाच येत नाही.

*

मोटेचे बैल सोडून नत्थुजी विहिरीच्या धावेवर बसला होता. शेजारी खुशालराव मेहेत्रे, जातीचा मुख्य पंच. अकरा वर्षांत हा माणूस या मळ्यात पहिल्यांदाच पाय ठेवत होता. गंमत अशी की अकरा वर्षांपूर्वी मनकर्णेचा पाट यानंच लावला होता, अमावस्येच्या रात्री, चोरून, नव्या पागोट्याच्या लोभानं. मनकर्णा बाळापूरला दिलेली, कळायच्या आत विधवा झालेली पोर, आणि नवरा गोरा. महिन्याभरात गावात बोभाटा झाला तेव्हा खुशालरावानं कानावर हात ठेवले. म्हणाला, पाट कसला, ठेवली असन त्यानं. आणि नत्थुजीचं घर वाळीत टाकायला पंचांत पहिला हात त्याचाच वर गेला.

"उद्या पंच बसवतो," खुशालराव म्हणाला. "साहेबापुढं सांगतो, पाट मी लावला म्हनून. पोट्टी जाईन तिकडं. गोरी पोट्टी गेली का बोलाले काय उरते? जातीले एक जेवण दे. तुह्या सूर्यभानसाठी माही पुतणी हाय."

सूर्यभान एकोणीस वर्षांचा झाला होता. त्याच्या वयाच्या पोरांना दोन-दोन लेकरं होती. नत्थुजीच्या पोटात एवढं एकच दुखणं होतं आणि खुशालरावानं बरोबर तिथं बोट ठेवलं.

"मनकर्णा नाई आयकाची," तो म्हणाला.

"बाईले कोन इचारते गा? तू भाऊ हायेस ना?"

नत्थुजीला बहिणीवर माया नव्हती असं नाही. वाळीत पडल्यावर तिला बाहेर काढ म्हणून सगळ्यांनी सांगितलं, त्यानं काढलं नव्हतं. पण माणूस अकरा वर्षं एकटा पडला की आतून किडतो. कुणाच्या मयताला खांदा नाही, कुणाच्या लग्नाचं बोलावणं नाही. तो म्हणाला, "बसवा पंच."

*

डंकनसाहेबाला त्या दुपारी मनकर्णा स्वतःहून भेटायला आली. पदर नीट घेतलेला, समोर येऊन खाली बसली. बाई रडेल, पाया पडेल, अशा तयारीनं तो बसला होता. ती शेषरावाला म्हणाली, "याईले इचारा, इयनसाहेबाच्या दाईचं घर कोणं जाळलं?"

शेषरावानं चाचरत विचारलं.

"माझ्या मेहुण्यानं," तो म्हणाला. "इयनच्या बापानं. तिला कुणी सांगितलं?"

"त्याईनंच सांगतलं. झोपेत उठून बसत. म्हणत, जिनं दूध पाजलं तिचं छप्पर बापानं पेटवलं, अन् मी घोड्यावर बसून पाहत होतो. म्हनून तं देश सोडला त्याईनं."

मग म्हातारा बोलू लागला. आर्डवेनच्या खोऱ्यात राहणारे सगळे एकाच आडनावाचे. सरदार आणि त्याचा गुराखी, दोघंही एकाच मूळपुरुषाची लेकरं. जमीन सरदाराच्या नावावर असली तरी तो मालक नव्हे, बाप. त्याच्या शब्दावर पिढ्यान्‌पिढ्या माणसं लढाईत मेली. एकदा राजाविरुद्ध उठले आणि हरले. राजानं त्यांची हत्यारं नेली, अंगावरचा पोशाखसुद्धा बंद केला, तरी त्यांनी सरदाराला धरून ठेवलं. सोडलं ते सरदारानंच. लोकरीचा भाव चढला, माणसांपेक्षा मेंढ्यांत जास्त मिळायला लागलं. मग आपल्याच माणसांची घरं पेटवली आणि त्यांना जहाजात घालून परदेशी धाडलं.

"जसा इथं कापूस," शेषराव आपल्याच मनाशी बोलला.

"अन् त्या घरात मी माही पोर देऊ?" मनकर्णा म्हणाली.

"तिला सांगा," म्हातारा पुढं झुकला, "अजून काही घरं उरली आहेत. म्हातारी माणसं आहेत, थोडी पोरंबाळं. ही मुलगी मिळाली नाही तर गादी लंडनच्या एका लांबच्या भाऊबंदाकडं जाते. त्यानं ते खोरं कधी पाहिलेलं नाही. त्याला तिथं शिकारीला हरणं हवी आहेत. उन्हाळ्याच्या आत तो शेवटचं घर रिकामं करेल. मी म्हातारा झालो. मुलगी मिळाली तर ती मोठी होईपर्यंत मी तरी कुणाला काढू देणार नाही."

तो खरं बोलत होता, हे मनकर्णेला दिसलं. लबाड असता तर तिला सोपं गेलं असतं.

"त्याईची घरं वाचावी म्हनून मी माहं घर मोडू?"

म्हातारा मनातलं एक बोललाच नाही. पहिल्या दिवशी ती पोर त्याच्यासमोर आली आणि इंग्रजीत नव्हे, त्यांच्या डोंगरातल्या जुन्या बोलीत म्हणाली, आजोबा, तुमचा प्रवास बरा झाला ना. मळ्यात मुक्कामाला आला की बापानं शिकवलेलं. शेषरावालाही त्यातलं अक्षर कळलं नाही. खोऱ्यातल्या लेकरांच्या तोंडून ती बोली हल्ली ऐकू येईनाशी झाली होती, आणि ती त्याला इथं, मिरच्यांच्या वाफ्यात भेटली. त्या क्षणापासून म्हाताऱ्याला पोरीशिवाय परत जाववत नव्हतं.

*

"उद्या पंच बसून राहिले," पार्बताबाईनं चुलीत काडी सारत सांगितलं. "खुशालराव कबूल करनार हाय. तुहा भाऊ पोट्टी देऊन जात घेऊन राहिला."

मनकर्णा पिठाच्या परातीसमोर तशीच बसून राहिली. अकरा वर्षं या भावजयीचे टोमणे तिनं खाल्ले होते. तुह्यापायी माह्या लेकाचं लग्न नाई, हे सणावाराला ठरलेलंच. त्यामुळं आता ही आनंदात असेल असं तिला वाटलं.

"तुमचं बरं झालं, वयनी. सूर्यभानचं लगन होईन."

"जळो ते लगन." पार्बताबाई फुंकणी आपटून म्हणाली. "पोट्टीचे दात आले तवा गुटी कोणं उगाळली? देवी निंघाल्या तवा रातभर निंबाचा पाला घेऊन कोन बसलं? तू तं तवा अकोल्याले गेली होतीस नवऱ्यापाशी. खुशालरावाची पुतणी घरात आणून मी काय करू, रोज सकाळी उठून तिचं तोंड पाहू?"

मनकर्णेला हुंदका आला. पार्बताबाईनं तिला रडू दिलं, मग आवाज खाली आणला.

"मी काय म्हणतो, बाई. मुनशी काय सांगून राहिला होता? साहेबाची आंधीची बायको नसाले पाह्यजे, नाई का?"

"हाव. मंग?"

"मंग होती ना त्याले बायको. म्या सोताच्या हातानं हळद लावली तिले."

मनकर्णा तिच्याकडं बघत राहिली, आणि मग तिला समजलं. इयनसाहेब कुवारा होता, आणि कुवाऱ्यानं विधवेशी पाट लावायचा नसतो. लावला तर पहिल्या नवऱ्याचं भूत त्याला खातं. म्हणून अशा माणसाचं आधी रुईच्या झाडाशी लग्न लावतात. विहिरीच्या बांधावर रुईचं झाड होतं, मारुतीला वाहायची पानं तिथूनच काढत. त्या झाडाला हळद लावली, पातळाचा तुकडा नेसवला, मंगळसूत्र बांधलं, आंतरपाट धरला, अक्षता टाकल्या. सगळं यथासांग, दिवसाउजेडी. लग्नाची बायको ती. रात्री अंधारात पाट लागला तो मनकर्णेचा.

"खुशालरावाले बेलभंडारा उचलाले लाव," पार्बताबाई म्हणाली. "त्या शपथेवर खोटं बोलाची त्याची छाती नाई. अन् साहेबाले झाडबीड काई सांगाचं नाई."

"मंग मी कोन झाली, वयनी? त्याईच्या लेखी ठेवलेली."

"त्याईच्या लेखी. ते राहतात समुद्राच्या पलीकडं."

मनकर्णेनं डोळे पुसले. "जमुनाले कळू देजा नोका," ती म्हणाली. "उद्या पंच बसतीन तवा तिले फुलं देऊन देवीच्या देवळात पाठवा."

*

पंच आंब्याखाली बसले. अकरा वर्षांनी या मळ्यात जातीची पागोटी दिसत होती. नत्थुजी विड्याची तबकं फिरवत होता.

खुशालरावानं घसा साफ करून सांगितलं, की होय, मनकर्णा आणि इयनसाहेबाचा पाट मी लावला, इतकी वर्षं बोललो नाही ती माझी चूक. शेषरावानं ते इंग्रजीत सांगितलं. म्हाताऱ्या साहेबानं डोळे मिटले, जणू पोर त्याच्या कुशीत आली.

तेवढ्यात माजघराच्या दारातून मनकर्णा म्हणाली, "मेहेत्रेबावा, बेलभंडारा उचलून एक अजून सांगा. माह्या पाटाच्या आंधी त्याईचं लगन तुमीच लावलं का नाई?"

पंचांत कुजबूज झाली. खुशालरावाला ती हे का विचारते ते कळेना, पण त्याला त्यात धोकाही दिसेना. उलट पाट पक्का ठरत होता. त्यानं बेलाचं पान आणि भंडारा उचलला. "लावलं. रीतीनं लावलं. हळदीपासून अक्षतांलोक."

"म्हंजे त्याईची लग्नाची बायको कोन? मी का दुसरी कोनी?"

"लग्नाची दुसरी. तू पाटाची. याच्यात इचाराचं काय हाय?"

शेषराव मुनशी वऱ्हाडातलाच, कुणाचं लग्न, कशाशी लग्न, त्याला चटकन उमजलं. त्यानं दाराकडं पाहिलं. मनकर्णा त्याच्याकडंच बघत होती, हात जोडलेले नव्हते की डोळ्यांत विनवणी नव्हती, नुसती बघत होती. शेषरावाला इयनसाहेबाचं मरण आठवलं. शेवटी शुद्ध होती तोवर तो एवढंच म्हणत होता, की तिला आणि पोरीला सांभाळ, दोघींना, एकत्र.

तो साहेबाकडं वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "यांच्याआधी इयनसाहेबांचं लग्न झालेलं होतं. पंच शपथेवर सांगतात."

"ती बाई हयात आहे?"

"हयात आहे," शेषराव म्हणाला. झाड हिरवंगार होतं. शब्दानं तो खोटं बोलला नाही, पण आयुष्यात इतकं ओशाळं त्याला कधी वाटलं नव्हतं.

म्हातारा बसल्या जागी खचला. कोण बाई, कुठली, काही विचारलं नाही त्यानं. ज्या भाच्याला त्या घराण्यातला एकटा सच्चा माणूस समजत आलो, त्यानं घरात बायको असताना एका विधवेला फसवलं, एवढंच त्याला कळलं. तो उठला, पंचांना मान लववली आणि बैल जुंपायला सांगितलं.

पंचांना हे काय चाललंय ते समजेना. पण पाट शपथेवर ठरला होता, म्हणून खुशालरावानं विडा उचलला आणि नत्थुजीच्या हातचा खाल्ला. एकामागून एक सगळ्यांनी खाल्ला. जात परत मिळाली होती. नत्थुजी आंब्याच्या बुंध्याला टेकून लहान पोरासारखा रडला. आत पार्बताबाईनं मनकर्णेचा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. पोर राहिली होती.

*

दमणी जुंपली तेव्हा जमुना देवळातून परतली. कपाळाला कुंकू, ओच्यात प्रसादाचं खोबरं. साहेब निघाला हे बघून ती धावतच त्याच्याजवळ गेली आणि खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

मनकर्णा ओट्यावर उभी होती. पोरीनं निरोप घ्यावा आणि माणूस जावा, एवढंच तिचं मागणं होतं. म्हातारा खाली वाकला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून त्या डोंगरातल्या बोलीत काहीतरी म्हणाला. आवाज मऊ होता, पण चेहऱ्यावर कीव होती. कीव मनकर्णेला ओळखू येत असे, तिनं ती जन्मभर पाहिली होती.

जमुनेनं मान उडवली आणि उत्तर दिलं. म्हाताऱ्यानं पुन्हा काही विचारलं. पोर मोठ्यानं बोलू लागली, हातवारे करत, मध्येच मायकडं बोट दाखवून.

"काय बोलून राहिली ते?" मनकर्णेनं शेषरावाला विचारलं.

"ही बोली मला येत नाही, बाई." शेषरावाचा चेहरा उतरला होता.

जमुनेनं म्हाताऱ्याचं बोट धरलं आणि त्याला विहिरीच्या बांधाकडं ओढत नेलं. मनकर्णा ओट्याच्या कडेपर्यंत धावली. बांधावर पोर थांबली, जांभळट फुलांच्या त्या झाडाची एक फांदी वाकवून तिनं त्याला दाखवली आणि खदखदून हसली. म्हातारा हसला नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

परत आला तो सरळ ओट्याशी. मनकर्णेपुढं तो कमरेत वाकला आणि शेषरावाशी बोलला. शेषरावाला ते मराठीत आणायला वेळ लागला.

"ते म्हणतात, बाईंनी मला क्षमा करावी. मी त्यांच्याबद्दल वाईट विचार केला. त्या इयनच्या धर्माच्या बायको आहेत, आर्डवेनच्या सूनबाई आहेत. आणि..." शेषरावानं जमुनेकडं पाहिलं. "आणि बैल सोडा म्हणतात. मुलीची तयारी होईतो ते थांबतील. बाईंना यायचं असेल तर बाईंनीही यावं."

"समुद्र ओलांडून?" नत्थुजी पुटपुटला. "आत्ताच तं जात भेटली."

मनकर्णेनं त्याचं ऐकलं की नाही कोण जाणे. ती जमुनेकडं बघत होती.

"काय सांगतलं वं तू आजोबाले?"

"ते म्हणे, तुह्या मायची काई चूक नाई, पण ते तुह्या बाबाची खरी बायको नोयती. मले राग आला. म्या सांगतलं, हाय. पयली तं झाड हाय, मामीनं दाखवली मले, मी रोज पानी टाकतो तिले. झाडाले कोनी बायको म्हनते का, आजोबा, म्हणलं. बाबाची बायको माही मायच हाय." पोरीचा चेहरा फुलला होता. "तुले कोनी असं म्हणलेलं मी कशी आयकून घेऊ? आता कोनी नाई म्हणनार, माय."

पार्बताबाई तोंडात पदर कोंबून आत गेली. लेकरू बापाच्या घरचं ठरलं होतं. मनकर्णेनं पोरीला जवळ ओढलं, पुढ्यात बसवलं आणि तिची सुटलेली वेणी हातात घेतली.

"वयनी," तिनं आत हाक दिली, "ते जाड गोधडी काढा. अन् गूळ-शेंगदाण्याचे लाडू बांधा. तिकडं लई थंडी असते म्हने."

"कुठी?" जमुनेनं मान वळवून विचारलं. "कोन जाऊन राहिलं, माय?"